राज्य केव्हा येणार?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यामध्ये भेंडवळ नावाचे एक लहानसे गाव आहे. दरवर्षी अक्षय तृतीयेच्या सायंकाळी तेथील शेतात घटमांडणी होते. अठरा प्रकारची धान्ये वर्तुळाकार मांडतात. मध्ये खड्डा करून त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून मातीची चार ढेकळे ठेवतात. त्यांवर पाण्याने भरलेली घागर, आणि जवळच पुरी, पापड, कुरडई, विड्याचे पान व सुपारी. रात्रभर त्या जागी कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे जाणती मंडळी येऊन कोणता दाणा जागचा हलला, कोणते ढेकूळ किती भिजले हे निरखून पाहतात आणि वर्षाचे भाकीत सांगतात. पानसुपारी म्हणजे राजाची गादी. ती जागेवर असली तर राज्य स्थिर, हलली तर राज्यावर संकट. हे ऐकण्यासाठी दूरदूरचे शेतकरी उन्हातान्हातून येतात. ही प्रथा तीनशे वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे असे सांगतात. तिची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. ज्याचे सारे वर्ष आकाशाकडे पाहण्यात जाते, त्याने पुढच्या चार महिन्यांची वार्ता विचारावी यात नवल ते काय?

आम्हांस नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. राजाच्या गादीचा हाच प्रश्न ख्रिस्ताच्या शिष्यांनीही त्याला विचारला होता, आणि तोही अगदी अखेरच्या भेटीत! प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात हा प्रसंग आला आहे. तीन वर्षे ज्याच्या पायांशी बसून शिकले, ज्याला मरताना व पुन्हा उठलेला पाहिले, त्याला ते विचारतात की आता तरी आमच्या लोकांचे राज्य परत मिळणार काय? प्रभूने त्यांस तारीख सांगितली नाही. काळ व समय पित्याच्या स्वाधीन आहेत, ते जाणणे तुमच्याकडे नाही, असे सांगून त्याने त्यांच्या हाती एक काम दिले: यरुशलेमापासून पृथ्वीच्या शेवटापर्यंत साक्षी होण्याचे. प्रश्न होता कालाचा. उत्तर मिळाले ते कामाचे.

हे उत्तर ख्रिस्ती लोकांच्या पचनी पडावयास फार कठीण गेले आहे. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या एका शेतकऱ्याने दानिएलाच्या ग्रंथातील दिवसांची गणिते मांडून प्रभूच्या आगमनाचा काळ ठरविला, आणि पुढे त्याच्या अनुयायांनी तर नेमका दिवसच मुक्रर केला: २२ ऑक्टोबर १८४४. हजारो लोक वाट पाहत बसले. कित्येकांनी त्या हंगामाचे पीकही शेतातून काढले नाही. २३ तारखेचा सूर्य नित्याप्रमाणे उगवला. त्यांपैकी अनेकांची जी मानहानी झाली ती वाचून आजही दया येते, कारण ती माणसे ढोंगी नव्हती. परंतु ज्याने आपले आगमन पूर्वेकडून पश्चिमेपर्यंत चमकणाऱ्या विजेसारखे असेल असे सांगितले, त्याला त्यांनी पंचांगात बसविले. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी लोणारचे विवर काठावर उभे राहून पाहिले असेल त्यांस या विजेच्या उपमेची थोडी कल्पना येईल. हजारो वर्षांपूर्वी एक उल्का आकाशातून आली आणि निमिषात काळ्या कठीण खडकात सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे विवर पडले. त्या सकाळी, अथवा त्या रात्री म्हणा, तेथे चरणाऱ्या पशूंस कोणी आगाऊ सूचना दिली नव्हती.

असो. यंदा आम्ही वरच्या वर्गात शास्त्रपाठाच्या तासाला हा भाग शिकवीत असता एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, तारीख कळावयाचीच नाही, तर अशा आशेचा उपयोग काय?" मुलगा शेतकऱ्याचा आहे, ख्रिस्ती नाही, आणि त्याने प्रश्न खोडीने केला नव्हता. तास संपत आला होता, म्हणून आम्ही त्यास उत्तर पुढे देऊ असे सांगितले. हा लेख त्या उत्तरादाखल आहे.

प्रथम त्याच्याच शेतात जाऊ. चैत्र-वैशाखाच्या उन्हात वखर चालतो, काडीकचरा वेचला जातो, बांध दुरुस्त होतात, बियाण्याची जुळवाजुळव होते. तेव्हा आकाशात ढगाचा ठिपकाही नसतो. पाऊस पाडणे शेतकऱ्याच्या हाती नाही हे तो कोणाही पंडितापेक्षा अधिक जाणतो; तरी म्हणून वखर टाकून तो ओट्यावर बसत नाही. भेंडवळीस भाकीत ऐकावयास जाणाराही आपले रान तयार करूनच जातो. भाकीत वाईट निघाले तरी मृग लागला की तिफण बाहेर निघतेच. देवाचे राज्य हे असे वरून येणारे आहे. ते आमच्या सभांनी, ठरावांनी किंवा वर्गणीने येणार नाही. परंतु न नांगरलेल्या रानावर पडलेला पाऊस नुसता वाहून जातो. मार्काच्या शुभवर्तमानात प्रभूने सांगितलेला एक लहानसा दृष्टान्त आहे. मनुष्य बी टाकतो, रात्री निजतो, दिवसा उठतो. आणि बी कसे रुजते, कसे वाढते हे त्याचे त्यालाही कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा, आणि शेवटी विळा. चारांपैकी एकाच शुभवर्तमानात हा दृष्टान्त आला आहे आणि उपदेशांत तो क्वचितच ऐकू येतो. वऱ्हाडात तरी तो अधिक ऐकू यावयास पाहिजे.

आता राज्य या शब्दाकडे वळू. हा शब्द आमच्या आजोबा-पणजोबांच्या कानी निराळ्याच अर्थाने पडत असे. १८५३ च्या तहाने हैदराबादच्या निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या हवाली केला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा! पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झनने हा प्रांत दरसाल पंचवीस लाख रुपये देण्याच्या करारावर कायमच्या पट्ट्याने घेतला, आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्यप्रांताबरोबर चालू लागला. १९३६ साली निजामाच्या युवराजास वऱ्हाडचा राजपुत्र अशी पदवीही मिळाली. पण बुलढाण्याच्या कचेरीत हुकूम कोणाचा चाले? पट्टेदाराचा. राजा होता, त्याचे नाव होते, त्याला दरसाल ठरलेली रक्कम पोहोचत होती. परंतु आमच्या शेताची मोजणी, आमचे खटले आणि आमचा सारा यांत त्याचा शब्द चालत नव्हता.

दृष्टान्त एकदेशी असतो हे आम्ही जाणतो. निजामाची व प्रभूची तुलना करण्याचा आमचा विचार नाही. परंतु आमच्या ख्रिस्ती घरांकडे पाहिले म्हणजे हा १९०२ चा करार आम्हांस वारंवार आठवतो. प्रभूचे राजपद आम्ही नाकारीत नाही. उलट मोठ्या आदराने ते नाव घेतो. नाताळास व ईस्टरास त्याचे पंचवीस लाख त्यास पोहोचवितो, आणि वर्षाचा उरलेला कारभार, म्हणजे मुलीचे लग्न कोठे करावे, मजुराला रोज किती द्यावा, भावकीच्या बांधावरून कोणाशी बोलणे टाकावे, हा सारा कायमच्या पट्ट्याने आपल्याकडे ठेवतो. अशा घरातून राज्य येण्याची प्रार्थना दररोज होते. ती खरोखरच ऐकली गेली, तर प्रथम आमचाच पट्टा रद्द होईल हे आमच्या ध्यानात नसते. ख्रिस्ताचे दुसरे आगमन म्हणजे धन्याने स्वतः कारभार हाती घेणे. ही ज्यास आनंदाची बातमी वाटते त्याने आजपासूनच त्याच्या हुकमाने चालावयास आरंभ केलेला असतो.

सहस्र वर्षांचे राज्य आधी की आगमन आधी, याविषयी ख्रिस्ती मंडळ्यांत एकमत नाही. त्या वादात आम्ही शिरत नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते आमच्याच भागात घडलेले आहे.

वऱ्हाडात सुवार्तेचे काम ज्यांनी विशेष केले ती अलायन्स मिशन ही प्रभूच्या आगमनाच्या आशेतूनच जन्मास आली. तिचे संस्थापक ए. बी. सिम्पसन हे मूळचे कॅनडाचे. १८८७ साली त्यांनी या कार्याची स्थापना केली. ख्रिस्त हा तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि पुन्हा येणारा राजा, या चार गोष्टी ते सर्वत्र सांगत. सर्व राष्ट्रांत राज्याची सुवार्ता गाजल्यावर शेवट होईल, हे मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातील वचन त्यांच्या कामाचा पाया होते. म्हणून त्यांचे मिशनरी घाईने निघाले. राजाला लवकर आणावयाचे, तर गावोगाव घोषणा झाली पाहिजे. शाळा आणि इमारती बांधीत बसण्यास वेळ कोठे आहे? या घाईनेच ते अकोला, खामगाव, मलकापूर या बाजूस राहिले.

आणि मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्याच्या पाठोपाठ १८९९-१९०० चा. रस्त्याच्या कडेला आईबाप मेलेली मुले दिसू लागली. घोषणा करीत पुढच्या गावास जाणाऱ्याने त्या मुलांचे काय करावे? अकोल्यास मुलांचे आणि खामगावास मुलींचे अनाथगृह उभे राहिले. ज्यांना जगाचा शेवट जवळ दिसत होता, ते धान्य दळून घेऊ लागले, अंगावरचे खरूज धुऊ लागले, अक्षरे गिरवून घेऊ लागले. अकोल्याच्या जेनी फुलर बाईंनी १९०० साली हिंदुस्थानातील स्त्रियांवर होणाऱ्या अन्यायांविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. ज्यास राजा उद्या येणार असे वाटते त्याने बालविवाहावर पुस्तक कशास लिहावे, असे कोणी विचारील. आमच्या मते त्यानेच लिहावे. हिशेब घेणारा येणार आहे असे ज्यास खरोखर वाटते, तो हाताखालच्या माणसांची उपासमार पाहून स्वस्थ बसू शकत नाही. मत्तयाच्या त्याच चोविसाव्या अध्यायाच्या शेवटी घरच्या लोकांस वेळेवर अन्न देणाऱ्या चाकराची गोष्ट आहे. सुवार्ता गाजविण्याचे वचन आणि वेळेवर वाढलेले ताट ही एकाच अध्यायात असावीत, याकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो.

हे सारे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे म्हणून सोडून देता येत नाही. २००६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांस मदत जाहीर केली त्यांत आमचा जिल्हा होता, आणि ती दुःखद वार्ता अद्यापि थांबलेली नाही. या शाळेच्या बाकांवर अशा घरांतील मुले बसलेली आहेत. कर्जापायी ज्या घरातील कर्ता पुरुष गेला, त्या घरी जाऊन, बाई, प्रभू येणार आहे, धीर धरा, एवढेच सांगून परत येणारा मनुष्य आगमनावर विश्वास ठेवतो असे आम्ही मानीत नाही. थेस्सलनीका येथील मंडळीतही काही लोक कामधंदा सोडून इकडे तिकडे फिरू लागले होते. स्वतः तंबू शिवून पोट भरणाऱ्या पौलाने त्यांची चांगलीच कानउघाडणी केली. त्या बाईच्या अंगणात जो पेरणीला आपली बैलजोडी घेऊन जातो, अथवा तिच्या मुलाच्या वह्या-पुस्तकांची सोय गाजावाजा न करता करतो, त्याला धन्याच्या येण्याचे भय कमी, आनंद अधिक असावा.

आमच्या आजीची आई त्या दुष्काळात अनाथ झालेल्या मुलींपैकी एक होती. तिच्याकडून आजीकडे एक रीत आली. रात्रीची जेवणे आटोपली, चूल विझली, की आजी ज्वारीची एक भाकरी आणि थोडी चटणी दुरडीत झाकून ठेवीत असे. घरात पीठ कमी असले तर भाकऱ्या लहान होत, पण ती एक चुकत नसे. कोणासाठी, असे विचारले तर एवढेच म्हणे, "येणाऱ्यासाठी." सकाळी ती भाकरी कुस्करून, फोडणी देऊन आम्हां मुलांस मिळे, म्हणून आमची मनापासून इच्छा असे की रात्री कोणी येऊ नये! आजीस अक्षरओळख बेताचीच होती. दानिएलाची गणिते तिने कधी मांडली नाहीत, आणि मंडळीत आगमनावर उपदेश झाला की ती डोळे मिटून ऐके. परंतु दाराला आतून लावलेली कडी रात्री वाजली तर आधी कोणी उठावे हे आमच्या घरात ठरलेले होते, आणि ते तिनेच ठरविले होते.

पुढच्या तासास हे सर्व आम्ही वर्गात सांगितले. तोच विद्यार्थी पुन्हा उभा राहिला. "सर, ती भाकरी खावयास कधी कोणी आले का हो?"

आले होते. एका पावसाळ्यात नदीला पूर आल्यामुळे अलीकडे अडकलेला एक मेंढपाळ मध्यरात्री दारी उभा राहिला. कांबळे भिजून जड झाले होते. त्याने भाकरी खाल्ली, दोन तांबे पाणी प्याला, ओसरीवर निजला आणि उजाडण्यापूर्वी निघून गेला. त्याचे नाव आम्हांस ठाऊक नाही. आजीने ते विचारू दिले नाही.