लाल दिवा लागत नाही, म्हणजे काय?

ज्यांच्या घरी जुनी डिझेल पिकअप आहे, त्यांना पहाटेचा ‘कट्‌’ हा आवाज समजावून सांगावा लागत नाही. चावी फिरवली की कट्‌ होते आणि पुढे काहीच नाही. मग शेजाऱ्यांना हाका मारायच्या, चार माणसांनी धक्का द्यायचा, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडायचा. गाडी चालू होते व दिवसभर बिनतक्रार चालते. संध्याकाळी वाटते, गेला दोष. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

आमची गाडी २००६ सालची, आम्ही ती २०१९ मध्ये जुनी म्हणूनच घेतली. तिच्या आरसी बुकावर उस्मानाबाद लिहिलेले आहे. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले, पण पाटीवरचा एमएच २५ तोच राहिला. गाडी दादा चालवतो, हिशेब वहिनी ठेवते, माल भरताना आबा उभे असतात आणि धाकटी बहीण आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करून आलेली. पोट सगळ्यांचेच त्या चार चाकांवर, म्हणून लिहितानाही आम्ही ‘आम्ही’च म्हणतो. गावोगावचा कांदा आणि भाजीपाला रात्री भरायचा, तुळजापूरचा घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत सोलापूरच्या बाजार समितीत पोहोचायचे, हा आमचा धंदा. एक खेप चुकली तर नुसते भाडे जात नाही. त्या रात्री शेतकरी दुसऱ्या गाडीवाल्याला बोलावतो आणि पुढच्या वेळीही त्यालाच फोन करतो.

२०२४ च्या दिवाळीनंतर गाडीने असा त्रास सुरू केला. बॅटरीच्या दुकानात गेलो, तर बॅटरी बदला म्हणाले. ती घेऊन जेमतेम आठ महिने झाले होते. वायरिंगवाल्याने डायनामो गेला असे सांगितले. तिसऱ्याने सेल्फ खोलावा लागेल म्हणून सांगितले. चहाच्या टपरीवर एकाने दर अमावस्येला लिंबू-मिरची बांधण्याचा सल्ला दिला. त्याने निदान पैसे तरी मागितले नाहीत. चौघांचे चार उपाय, पण मीटर एकानेही लावला नव्हता.

धाकटी म्हणाली, “आबा, पैसे काढायच्या आधी एक रविवार मला द्या.”

आता मुळात एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते, ठिणगीला वीज लागते. डिझेलचे तसे नाही. तिथे हवा इतकी दाबली जाते की तापलेल्या हवेत डिझेल फवारताच आपोआप पेट घेते. ज्या जुन्या गाडीत साधा पंप आहे आणि इंजिन बंद करायला हाताने ओढायची केबल आहे, ती गाडी एकदा चालू झाली की विजेचा एक थेंबही मागत नाही. (नव्या कॉम्प्युटरवाल्या गाड्यांना हे लागू नाही, त्या वीज गेली की थांबतात.) त्यामुळे चार्जिंग बंद पडले तरी ड्रायव्हरला कळत नाही. रात्री मात्र हेडलाइटचे ६० वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे १० अँपिअर ओढतात, आणि ते सगळे बॅटरीच्या शिलकीतून जाते. घरात कमाई बंद झाली आणि खर्च चालूच राहिला, तर पेटी रिकामी व्हायला किती दिवस लागतात? बॅटरीचेही तसेच. रिकामी झालेली बॅटरी ‘खराब’ ठरवून बदलली की नवी बॅटरी काही दिवस चालते आणि तिच्याही वाट्याला तेच येते.

शनिवारी रात्री आम्ही बॅटरी बाहेरच्या चार्जरवर लावली. सकाळी काढून तासभर तशीच ठेवली आणि मग मीटर लावला, १२.६ व्होल्ट. विश्रांती घेतलेल्या बॅटरीत १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडचे घनत्व सांगणारी काचेची नळी, सहाही खान्यांत बुडवून पाहिली. सगळीकडे १.२४० ते १.२५०. एखादे खाने बाकीच्यांपेक्षा फार खाली असते, तर बॅटरीचा दोष मानला असता. तसे नव्हते. बॅटरी निर्दोष सुटली आणि आमचे सात हजार रुपये तिथेच वाचले.

बॅटरी जोडली, धक्का देऊनच गाडी चालू केली आणि पुन्हा मीटर लावला. इंजिन जरा वाढवल्यावर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. आमच्याकडे १२.४. हेडलाइट लावताच आकडा उतरू लागला. म्हणजे डायनामो काही देत नव्हता. मग वायरिंगवाला खरा म्हणायचा का? अजून नाही.

बोलताना सगळे डायनामो म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो, पण या वस्तूचे खरे नाव अल्टरनेटर. त्याची विद्या ज्याने शोधली तो मायकेल फॅरडे लोहाराचा मुलगा होता. चौदाव्या वर्षी तो पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारीला राहिला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचता वाचता शिकला. १८३१ साली त्याने दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलले की तारेत वीज उत्पन्न होते. आपल्या गाडीच्या अल्टरनेटरमध्ये आजही तेच घडते. फरक इतकाच की आतले चुंबक कायमचे नसते, ते विजेनेच जागे करावे लागते. ही पहिली वीज कुठून येते, हे कोणी ड्रायव्हरला सांगत नाही. ती येते डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यातून!

चावी लावली की वीज त्या दिव्यातून अल्टरनेटरच्या आतल्या वेटोळ्याकडे जाते. म्हणून इंजिन चालू नसताना दिवा पेटतो. इंजिन चालू होऊन अल्टरनेटर स्वतः वीज देऊ लागला की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि दिवा विझतो. दिवा म्हणजे नुसती सूचना नव्हे, तो या कामातला एक मजूर आहे. तो मेला तर अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा इंजिन खूप वाढवल्यावर कसाबसा होतो.

धाकटीने विचारले, “दादा, चावी लाव. लाल दिवा लागला का?”

दादाच्या आधी आबा बोलले, “लई दिवसांत लागंना. लागंना म्हंजी चांगलंच की!”

असे सगळीकडेच समजतात. लाल म्हणजे धोका, नाही म्हणजे सुख. पण चावी लावल्यावर लाल दिवा न लागणे हेच आजाराचे लक्षण होते. फॅन बेल्ट ताठ होता. जाड वायरच्या बोल्टवर बॅटरीइतकेच व्होल्ट मिळाले, म्हणजे ती वाट मोकळी. मग धाकटीने अल्टरनेटरवरची दिव्याची बारीक वायर काढली, चावी लावायला सांगितली आणि ती इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवली. अशाने दिवा लागला असता, तर वायर आणि बल्ब ठीक आणि दोष अल्टरनेटरच्या आत, बहुधा झिजलेल्या कार्बनचा. दिवा लागला नाही. डॅशबोर्ड खोलून बल्ब काढला, तर आतली तार तुटलेली. (ही परीक्षा फक्त बारीक वायरवर करायची. जाड वायरमध्ये चावी काढली तरी बॅटरीची पूर्ण ताकद असते. ती लोखंडाला टेकली तर हात भाजेल, वायर पेटेल.)

नवा बल्ब बसवला. जुना होता तितक्याच वॅटचा, साधा तारेचाच घेतला. हल्ली एलईडी मिळतात, पण त्यांतून इतकी कमी वीज जाते की अल्टरनेटर जागा होत नाही. चावी लावली, दिवा लागला. इंजिन चालू केले, दिवा विझला. मीटर १४.१.

तरी सेल्फ जडच फिरत होता. एकाच गाडीत दोन दोष असू शकतात, ही गोष्ट गॅरेजमध्ये फार विसरली जाते. दादाने स्टॉपची केबल ओढून धरली, म्हणजे इंजिन चालू न होता नुसते फिरेल. मीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरे इंजिनच्या लोखंडावर. सेल्फ मारला तर १.६ व्होल्ट. अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवे. म्हणजे परतीच्या वाटेतच इतकी वीज हरवत होती. इंजिन आणि चॅसी यांना जोडणारी अर्थची जाळीची पट्टी चिखल, तेल आणि गंज यांखाली दिसतही नव्हती. बोल्ट खोलला, पॉलिश पेपरने लोखंड पांढरे केले, आवळले, वरून ग्रीस लावले. सेल्फ पहिल्याच फटक्यात फिरला. आबा म्हणाले, “आता ग दम आला तिला.”

एक सवय मात्र आपल्या भागात फार रुजली आहे, तिच्याविषयी बोललेच पाहिजे. चालू इंजिनात बॅटरीची वायर काढायची, गाडी बंद पडली नाही तर डायनामो चांगला, असे मिस्त्री सांगतात. ही युक्ती खऱ्या डायनामोच्या जमान्यातली. अल्टरनेटरवर असे केले की एकदम दाब उसळतो आणि आतले डायोड किंवा कटआउट उडतो. शिवाय जुनी डिझेल तशीही बंद पडत नाही, मग त्या परीक्षेतून कळते काय? डायोडची शंका असेल तर पहाटे गाडी चालू करण्याआधी अल्टरनेटरला हात लावून बघावे. रात्रभर उभ्या गाडीत तो कोमट लागला, तर डायोडमधून वीज गळते आहे. उलट चालू गाडीत मीटर १५ च्या वर गेला तर कटआउट गेला आहे. अशा गाडीत बॅटरीचे पाणी उकळून आटते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर आठवड्यात आटते.

घाटातून जाणाऱ्यांनी आणखी एक पाहून ठेवावे. पुष्कळ डिझेल पिकअपमध्ये अल्टरनेटरच्या मागेच ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो. फॅन बेल्ट तुटला की लाल दिवा लागतो, आणि त्याच क्षणापासून ब्रेकची मदतही संपू लागते. एक-दोनदा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते. भरलेल्या गाडीने घाट उतरताना लाल दिवा लागला तर “बॅटरीचं सोलापुरात बघू” म्हणू नये. गिअर खाली घेऊन कडेला थांबावे. त्या पंपाचे ऑइल अल्टरनेटरमध्ये झिरपले तर कार्बनही खराब होतात, तेव्हा मागची बाजू ओली आहे का तेही पाहावे.

घरातल्यांसाठी दोन शब्द. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो ठिणगीने भडकतो. म्हणून बॅटरी ओसरीत, चुलीपासून व बिडीपासून लांब ठेवावी. लेकरांना जवळ येऊ देऊ नये. काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी.

मीटर आता गाडीच्या कप्प्यात कागदपत्रांशेजारी असतो. दोन-तीनशे रुपयांत तो मिळतो. वहिनीने हिशेबाच्या वहीत एक पान वेगळे काढले आहे, त्यावर दर रविवारचे दोन आकडे लिहिलेले असतात, उभ्या गाडीचा आणि चालू गाडीचा. हॉर्न मात्र अजून पावसात बसतो. त्याची वायर डाव्या मडगार्डखालून जाते, असा धाकटीचा अंदाज आहे, आणि येत्या रविवारी ते चाक खोलायचे आहे.