शनिवारचं नवल

शनिवारी चार वाजले की आमच्या प्रयोगशाळेतल्या खुर्च्या खिडकीकडे सरकतात. अमरावतीचं ऊन तोवर जरा नरमलेलं असतं. टपरीवरून चहा येतो, सोबत गिलावडे, आणि कुणीतरी म्हणतं, "सर, या आठवड्यात लय भारी गोष्ट सापडली." संशोधन करणारी सात-आठ पोरं. आठवडाभर जो तो आपल्याच विषयात मान घालून बसलेला. हा तास दुसऱ्याच्या नवलाचा. नियम एकच, वाचून दाखवायचं नाही, सांगायचं. सापडलेली गोष्ट आपल्या बोलीत सांगता आली नाही, तर ती अजून सापडायचीच आहे असं मी मानतो.

एकदा धामणगावच्या मुलानं बायनरी सर्च आणला. सगळे हसले, पहिल्या वर्षाचा धडा! शब्दकोशात शब्द शोधताना मधलं पान उघडायचं, नको तो अर्धा भाग सोडायचा, उरलेल्याचं पुन्हा मधलं पान. मधली जागा काढायला दोन टोकांचे क्रमांक मिळवायचे आणि दोननं भागायचं. यात काय चुकणार? जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये जाहीरपणे लिहिलं की, जावा या संगणकभाषेसाठी त्यांनी स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये ह्याच बेरजेत चूक होती, आणि ती सुमारे नऊ वर्षं तशीच पडून होती. बत्तीस बिटांच्या पूर्णांकाला २,१४,७४,८३,६४७ च्या वर जागाच नाही. बेरीज त्यापुढे गेली की उलटून ऋण होते, आणि मधलं पान शब्दकोशाच्या बाहेर जाऊन पडतं. उपाय एवढासा, टोकांमधलं अंतर निम्मं करून पहिल्या टोकात मिळवा. त्या रात्री मी माझे जुने प्रोग्राम उघडले. दोन ठिकाणी तीच बेरीज होती.

पण सगळ्यात जास्त रमलो ते अकोल्याहून येणाऱ्या मुलीच्या शनिवारी. तिनं आल्या आल्या फळ्यावर चार ओळी लिहिल्या. अक्षरं देवनागरी, अर्थ शून्य. "हे रिद्धपूरवरून सुचलं," ती म्हणाली. रिद्धपूर आमच्याच जिल्ह्यातलं, मोर्शी तालुक्यातलं. म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं ते तिथं. म्हाताऱ्या बायांनाही कळावं म्हणून महानुभाव पंथाच्या नागदेवाचार्यांनी संस्कृताऐवजी मराठीचा आग्रह धरला, आणि पुढं त्याच महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीत झाकून ठेवल्या. एका अक्षराच्या जागी दुसरं. शतकांनंतर इतिहासाचार्य राजवाड्यांनी तिची किल्ली शोधून काढली, संगणकाशिवाय.

फळ्यावरची लिपी मात्र पोरीनं स्वतः रचली होती. आम्ही मोजायला लागलो, कोणतं अक्षर किती वेळा येतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "प्रत्येक वाक्याच्या शेवटी हीच दोन अक्षरं हायेत. हे 'आहे' असन बाप्पा!" तेवढा एक शब्द सुटला आणि अर्ध्या तासात चारही ओळी उलगडल्या. मी म्हटलं, जुन्या पोथ्यांत हा डाव चालणार नाही. तिथं शब्द सुटे लिहीत नसत. वाक्याचा शेवट ओळखायचा कशावरून? ती गप्प झाली. पाटीत उरलेला गिलावडा तसाच ठेवून बडनेऱ्याला गाडी धरायला निघाली.

सात-साडेसात वाजता फोन आला. मागे रुळांचा खडखडाट.

"सर, मूर्तिजापूर गेलं आत्ताच. आइका ना. शब्द सुटे नसले तं नसू द्या. लीळाचरित्रात 'गोसावी' पानोपानी येते. तीच तीन अक्षरं, त्याच क्रमानं, पुन्हा पुन्हा दिसली तं? तिथूनच धरू ना धागा!"

मी फळ्याकडे पाहिलं. तो अजून पुसलेला नव्हता.