एकच वाट

परवा मडगावाहून सुटीवर आलेल्या पुतण्याला घेऊन आम्ही बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा पाहावयास गेलो. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी भुयारातून शहराकडे आणणारी ही योजना १६१५ सालची, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या कारकिर्दीतील. शंभराहून अधिक कुंड्या जमिनीखालून एकमेकींशी जोडलेल्या आहेत. पाणी केवळ उताराने वाहते.

"काका, मधली वाट बुजली तर?" पुतण्याने विचारले.

"पुढच्या कुंड्या कोरड्या पडतील," आम्ही म्हणालो.

तो हसला. "आमच्या रसायनशाळेतही हेच दुखणे आहे."

हयातभर रसायनशास्त्र शिकवूनही त्याने सांगितलेले पुष्कळसे आम्हांस नवीन होते. चुंबक म्हटले की लोखंड, निकेल, कोबाल्ट, एवढेच आम्ही मुलांना सांगत आलो. परंतु प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक इवलासा चुंबकच. मात्र ते बहुधा जोडीने राहतात आणि एकमेकांचा प्रभाव नाहीसा करतात. १९०० साली मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्ग यांना असा सेंद्रिय रेणू गवसला की, ज्यात एक इलेक्ट्रॉन एकटाच राहतो आणि तरीही रेणू टिकतो. १९१५ साली विल्हेल्म श्लेंक यांनी असे दोन एकटे इलेक्ट्रॉन एका रेणूत आणले. बेंझिनच्या षट्कोनात एक कोपरा सोडून जोडले की दोघे एकाच दिशेने उभे राहतात. समोरासमोर जोडले की त्यांची जोडी जमते आणि चुंबकत्व मावळते.

अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात आंजेय रायत्सा यांनी वृक्षाप्रमाणे फांद्या फुटलेले रेणू रचले. १९९३ सालच्या त्यांच्या एका रेणूत एकट्या इलेक्ट्रॉनांसाठी ३१ जागा होत्या; परंतु त्या साऱ्यांचे बळ काही एकवटले नाही. वृक्षात फांदीकडे जाणारी वाट एकच असते. मधली एक जागा रिकामी राहिली की पलीकडचे सारे तुटतात. मग त्यांनी फांद्या कड्यांनी परस्परांस जोडल्या. एक वाट बंद पडली तरी दुसरी उरावी. २००१ साली त्यांच्या जाळीदार बहुवारिकात हजारो इलेक्ट्रॉन एका दिशेस वळल्याचे दिसून आले. अर्थात तेही सुमारे उणे २६३ अंश सेल्सिअसखालच्या थंडीत. नित्याच्या वापराचे हे चुंबक नव्हे.

परतताना आम्ही गप्प होतो. आमच्या घराण्याच्याही अशाच फांद्या: आम्ही बऱ्हाणपुरास, मधले बंधू जळगावास, धाकट्याचे बिऱ्हाड मडगावास. सर्वांची खुशाली थोरल्या वहिनींच्या मार्फत कळे. पत्रे त्यांना, पुढे फोनही त्यांनाच. त्या गेल्या आणि वर्षभर कोणाची कोणास वार्ता नाही. धाकटा भाऊ अंथरुणास खिळला आहे, हे आम्हांस कळले ते तो गेल्यावर. त्याचा पत्ता आमच्यापाशी होता. आपण होऊन लिहिण्याची सवय तेवढी नव्हती. हा पुतण्या त्याचाच मुलगा. त्याने त्याविषयी कधी एक शब्द काढला नाही, हे त्याचे मोठेपण.

त्या रात्री त्याने आमच्याकडून जळगावच्या चुलत भावंडांचे पत्ते उतरून घेतले. आम्ही शेजारी बसून मडगावास, त्याच्या आईला, पत्र लिहिले. प्रारंभीची क्षमायाचना लिहिण्यासच फार वेळ लागला.