माझे वडील किती?

आमच्या वेळी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. सहावीत आम्हाला ‘माय फादर’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. मी लिहिलं, ‘माय फादर आर अ टेलर. दे आर व्हेरी काइंड.’ सरांनी वही उंच धरून ती वर्गाला वाचून दाखवली आणि विचारलं, “किती वडील आहेत गं तुला?” मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला, “त्यांच्यात चार असतात, सर!” वर्ग हसला. सरही हसले. चार म्हणजे कोण असतात, हे त्या पोराला तरी कुठे धड माहीत होतं? आणि आमच्या अख्ख्या गावात दोन बायकांचा जो एकुलता एक नवरा होता तो आमच्यातला नव्हता. पण हे उत्तर मला सुचायला पंधरा वर्षं लागली.

घरी आले तेव्हा अब्बा मशीनवर होते. “कायकू रोती गे?” मी अर्धीच गोष्ट सांगितली. ‘आर’च्या जागी ‘इज’ पाहिजे होतं, एवढंच. अब्बा म्हणाले, “तो इज लिख ना. उसमें क्या है.” मी ‘इज’ लिहिलं, ‘ही’ लिहिलं. लिहिताना वाटलं, अब्बांना अरे-तुरे करतेय.

ही गोष्ट आठवण्याचं कारण माझी भाची. आपाची मुलगी, उर्दू माध्यमात शिकलेली, बी.कॉम. झालेली. बँकेच्या अधिकारी पदाची परीक्षा देतेय. दिवसभर औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत बसते आणि मगरिबनंतर माझ्याकडे येते. गणितात तिला अडचण नाही. ‘वाक्यातली चूक ओळखा’ म्हटलं की तिचे मार्क जातात. मी मराठी माध्यमातली, इंग्रजीची पदवी नसलेली बाई. पण घरात इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारी मी एकटीच, म्हणून ही जबाबदारी माझ्यावर आली. औरंगपुऱ्यातूनच जुनं रेन अँड मार्टिन आणलं. यातला रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता आणि पुढे ‘बो जेस्ट’ ही परदेशी फौजेवरची कादंबरी लिहून गाजला, हे मला अलीकडे कळलं. त्या रुक्ष पुस्तकामागे असा माणूस असेल असं वाटलं नव्हतं. जोडीला माझी फाटकी तर्खडकर भाषांतर पाठमाला होतीच.

पहिला धडा कर्ता आणि क्रियापद यांच्या मेळाचा. भाचीने ‘द क्वालिटी ऑफ द मँगोज आर नॉट गुड’ हे वाक्य बरोबर ठरवलं. मी नियम सांगितला, तिने मान डोलावली आणि पुढच्या पानावर तीच चूक केली. तेव्हा मी मराठीत लिहून बघितलं: ‘आंब्यांची प्रत चांगली नाही.’ आपल्याकडे आंबे आधी येतात आणि प्रत नंतर. क्रियापदाच्या जवळ प्रत बसलेली असते, त्यामुळे गोंधळ होत नाही. उर्दूतही तसंच. इंग्रजीत मात्र मालकीण आधी येऊन बसते आणि तिच्या आणि क्रियापदाच्या मध्ये आंब्यांची पाटी ठेवलेली असते. कान जवळच्या शब्दाचं ऐकतो. आता ती अशा वाक्यात पेन्सिलीने ‘ऑफ’पासूनचा भाग खोडते आणि उरलेलं वाचते. ‘ईच’, ‘नायदर’ वगैरे त्यानंतर दोन संध्याकाळींत उरकले. ते पाठांतराचं काम आहे.

खरी गंमत पुढे आली. मी तिला सांगत होते की क्रियापद कोणाचं ऐकतं हे भाषेगणिक बदलतं. मराठीत मी म्हणते, ‘मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी केळं खाल्लं.’ खाणारी मीच, पण क्रियापद आंब्याच्या आणि भाकरीच्या मागे फिरतं. शाळेच्या उर्दूतही बाई असो की पुरुष, ‘मैंने आम खाया.’ मग मी विचारलं, “घर में तू क्या बोलती?” ती जरा लाजली. “घर में तो... मैं आम खाई. पर वो गलत है खाला.”

गलत का? शाळेत बाईंनी सांगितलं होतं म्हणून. दखनी म्हणजे बिघडलेली उर्दू, हे आमच्याकडे पोरांना दूध पाजतानाच पाजतात. लखनौ-दिल्लीकडचं कोणी घरी आलं की आमच्या बायका गप्प होतात; तोंड उघडलं की ‘नक्को’ आणि ‘हौ’ बाहेर पडेल. पण बघा ना, दखनीत खाणारी बाई असेल तर ‘खाई’, पुरुष असेल तर ‘खाया’. आंबा काय म्हणतो याच्याशी क्रियापदाला देणंघेणं नाही. ते कर्त्याचं ऐकतं. इंग्रजीतही ते कर्त्याचंच ऐकतं. म्हणजे या एका बाबतीत माझ्या मराठीपेक्षा आणि तिच्या पुस्तकी उर्दूपेक्षा तिच्या आजीची बोली इंग्रजीच्या जवळ निघाली. मी हे बोलून दाखवलं तेव्हा ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिच्या आजीला नोकरीच लावून दिली.

आणि हे शहर कोणतं, तर बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांचं. वर्षानुवर्षं ते इथे राहिले, इथूनच अंजुमन तरक्की-ए-उर्दू चालवली. 1914 साली त्यांचं उर्दू व्याकरण आलं, आणि अंजुमनचा मोठा इंग्रजी-उर्दू शब्दकोश 1937 साली इथेच औरंगाबादेत छापला गेला. त्याच माणसाने मुल्ला वजहीचं ‘सबरस’ संपादित केलं, म्हणजे सतराव्या शतकातलं दखनी गद्य. उर्दूच्या एवढ्या मोठ्या माणसाला दखनीची लाज वाटली नाही. ती आम्हाला कोणी शिकवली कोण जाणे.

सर्वनामांच्या धड्याला मी जरा घाबरतच हात घातला. ‘माय फादर’ची वही तिथेच होती. अब्बा आले, सर बसलेत, आजी गेल्या. एका माणसाला अनेकवचन देणं हा आपल्याकडचा आदर. इंग्रजीत असं काही नाही, हे मी तीस वर्षं धरून चालले होते. धड्याची तयारी करताना वाचलं तर कळलं, पूर्वी इंग्रजीत एका माणसासाठी ‘दाऊ’ होतं आणि अनेकांसाठी ‘यू’. तेराव्या शतकानंतर फ्रेंच दरबारी रीतीच्या वळणाने मोठ्या माणसाला, तो एकटा असला तरी, ‘यू’ म्हणू लागले. मग वरच्यांना, मग बरोबरीच्यांना, मग सगळ्यांनाच. सतराव्या शतकात क्वेकर पंथाचे लोक न्यायाधीशालाही ‘दाऊ’ म्हणायचे, देवापुढे सगळे सारखे म्हणून, आणि न्यायाधीश भडकायचे. पुढे ‘दाऊ’ रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेलंच. आज समोर एकच माणूस असला तरी इंग्रज ‘यू आर’ म्हणतो, ‘यू इज’ नाही. ते ‘आर’ म्हणजे आपल्या ‘अब्बा आले’चाच भाऊ. सरांना विचारायला हवं होतं, “सर, तुम्हाला ‘यू आर’ म्हणतात, तर तुम्ही किती आहात?” सर आता नाहीत. चांगले शिकवायचे, हेही सांगितलं पाहिजे. माझं इंग्रजी त्यांच्याच हातचं आहे.

त्या दिवसाचं मला खुपलेलं सर्वनाम मात्र इंग्रजी नव्हतंच. ते ‘त्यांच्यात’ होतं.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवायचं तर ‘आम्ही’, आत घ्यायचं तर ‘आपण’. दखनीतही ‘हम’ आणि ‘अपन’ असा फरक करतात. इंग्रजीत दोघांना मिळून एकच ‘वुई’. भाषांतर करताना अडायला होतं, पण इंग्रजीत एक सोय आहे: कोण आत आणि कोण बाहेर हे लगेच सांगावं लागत नाही. आमच्या ऑफिसात एक मैत्रीण आहे, अगदी जिवाभावाची. डबा एकत्र खातो. दिवाळीच्या तोंडावर ती म्हणते, “आपल्याकडे चकलीत लोणी घालतात,” आणि मी त्या ‘आपल्या’त असते. ईदला ती म्हणते, “तुमच्यात शीरखुर्म्याला खजूर कुठला लागतो गं?” आणि मी बाहेर. तिच्या मनात काही नसतं, हे मी शपथेवर सांगेन. पण वाक्याच्या मध्यावर आपण दाराच्या आत की बाहेर, हे ऐकण्याची माझ्या कानाला सवय लागली आहे. मी लिहायला बसले की माझ्याही पेनातून कधी ‘आम्ही’ येतं, कधी ‘आपण’. वरचे परिच्छेद पुन्हा वाचा, दोन्ही सापडतील. सगळीकडे एकच करावं का, याचा मी विचार केला आणि तसंच ठेवलं.

विशेषणांचा धडा शेवटचा. यात भाचीपेक्षा माझ्या चुका जास्त निघाल्या. ‘शाळेत जाताना पाऊस आला’ हे मराठीत निर्मळ वाक्य आहे. जाणारे आपण, येणारा पाऊस, कोणालाही कळतं. तेच मी इंग्रजीत ‘गोइंग टू स्कूल, द रेन केम’ असं लिहिते, तेव्हा पाऊस दप्तर घेऊन शाळेत निघतो. मराठीची ‘-ताना’ सैल आहे, ‘-ऊन’ कडक. ‘जेवून’ म्हटलं की जेवणाराच पुढे झोपला पाहिजे. इंग्रजीत वाक्याच्या तोंडाशी आलेलं ‘-इंग’ आपल्या ‘-ऊन’सारखं कडक समजायचं, असं मी तिला सांगितलं. तिच्यापेक्षा मलाच ते जास्त उपयोगी पडलं.

विशेषण कोणाला चिकटतं यावरून आठवलं. 1990 साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हापासून आमच्यात वाद चालू आहे: ‘मुस्लिम मराठी’ की ‘मराठी मुस्लिम’? पहिल्यात मराठी हे नाम आणि मुस्लिम विशेषण, दुसऱ्यात उलट. मी दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलले आहे, श्रोते कोण आहेत ते बघून.

गेल्या आठवड्यात तिची मुलाखतीची तयारी घेत होते. लेखी निकाल अजून लागायचा आहे, पण आपाला धीर नाही. भाचीने ओळख लिहून आणली होती. अर्जावर लिहायचं म्हणून छत्रपती संभाजीनगर लिहिलं होतं. दाखल्यावर औरंगाबाद आहे, आणि घरात आम्ही काय म्हणतो ते तुम्हाला माहीत आहेच. खाली एक ओळ होती: ‘आय अॅम फ्रॉम हिअर ओन्ली.’

मी ‘ओन्ली’वर लाल रेघ मारली. सांगितलं, हा आपला ‘च’ आहे. ‘मी इथलीच’ असं म्हणायचंय तुला. मराठीत ‘च’ ज्या शब्दाला चिकटतो त्यालाच धरून बसतो, दखनीने तो मराठीकडूनच घेतला, म्हणून तू ‘मैं यहींच की’ म्हणतेस. इंग्रजीत ‘ओन्ली’ असा शेपटीला लावत नाहीत. समोरच्याला वाटेल, भाषांतर करून बोलतेय. ‘आय अॅम फ्रॉम हिअर’ पुरे.

तिने वाक्य दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं, एकदा ‘ओन्ली’सकट, एकदा बिगर. मग विचारलं, “खाला, वो पूछे के असल में कहाँ के, तो?”

मी खोडरबर शोधायला लागले. पेन लाल शाईचा होता, रेघ काही निघाली नाही. तिने शेजारी निळ्या पेनाने ते वाक्य परत लिहिलं, ‘ओन्ली’सकट, आणि पुढचा प्रश्न घेतला.