नाव विचारायचे राहिले

माणसांचे चेहरे टिपण्याचा छंद मला शाळकरी वयात जडला. वडिलांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या एका रोळात बाराच छायाचित्रे निघत. म्हणून प्रत्येक चेहऱ्यापुढे थांबावे लागे. या छंदाला पुणे कधी कमी पडले नाही. कॅम्पातील इराणी हॉटेले, 'लाल देऊळ' म्हणून ओळखले जाणारे यहुदी प्रार्थनास्थळ, मोहरमचे ताबूत आणि ज्येष्ठ वद्यात येणाऱ्या पालख्या! चाळीस वर्षांत चेहऱ्यांनी खोके भरले.

एका वर्षी भवानी पेठेत, पालखी विठोबाच्या देवळाजवळ, डोक्यावर तुळस घेतलेल्या एका वृद्धेचे छायाचित्र मी काढले. तिने विचारले, "माजा फोटू मला कवा मिळायचा?" "पुढच्या वारीला," मी म्हणालो. तिने दिंडीचा क्रमांक सांगितला, रथामागची दिंडी. मी तो टिपून घेतला. नाव मात्र विचारले नाही.

त्याच हिवाळ्यात एका ग्रंथालयात 'द पीपल ऑफ इंडिया' हा ग्रंथ पाहिला. 1868 ते 1875 या काळात निघालेले त्याचे आठ खंड. राज्यकर्त्यांना प्रजेची ओळख व्हावी म्हणून जमवलेल्या त्या छायाचित्रांखाली बहुतेक ठिकाणी जात किंवा जमात आहे, माणसाचे नाव नाही. मनात राग आला. घरी येऊन खोके उघडले, तर माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेले होते : 'वारकरी स्त्री', 'पारशी वृद्ध', 'ताबूत उचलणारा तरुण'.

पुण्याचे छायाचित्रकार संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर हिंडून कलावंतांची छायाचित्रे काढली, हे मला ठाऊक होते. त्या सोबतीचा अर्थ मला तेव्हा उमगला. मी चेहरे घेत आलो होतो; सोबत केली नव्हती.

पुढच्या वारीत छायाचित्र घेऊन ती दिंडी शोधून काढली. वृद्धा आली नव्हती. पाऊस लवकर झाला होता. पेरणीमुळे ती गावीच राहिली होती. तिचे नाव मला विणेकऱ्याने सांगितले. छायाचित्र निरखून त्याने ते ज्ञानेश्वरीच्या पानांत ठेवले. "आधी पंढरीला नेतो, मग तिच्या घरी. वारी चुकली, असं तिला वाटायला नको," तो म्हणाला.

मी ते छायाचित्र क्षणभर परत मागून घेतले आणि पाठीमागे तिचे नाव लिहिले. त्या दिवसापासून मी आधी नाव विचारतो. खोक्यांतील जुनी माणसे मात्र अजून तशीच आहेत, बिननावाची.