फाटक आधी बंद, मग गाडी

कागलला रेल्वे नाही. पंचतारांकित एमआयडीसीतला माल पुणे–बंगळूर महामार्गावरून ट्रकनं जातो. रूळ पाहायचे तर कोल्हापूर गाठायचं, नाहीतर रुकडी-हातकणंगलेकडं वळायचं. कोल्हापूर–मिरज मार्गावर १८९१ पासून गाड्या धावताहेत. तरीही मॉडेल रेल्वेवर खरंखुरं चालणारं फाटक बांधायला जी विद्या लागते, तिचा मोठा भाग याच वसाहतीतल्या शेडमध्ये रोज वापरला जातो. सीएनसी मशिनचं दार उघडं असलं तर स्पिंडल फिरत नाही. इमर्जन्सी स्टॉपचं बटण एनसी (नॉर्मली क्लोज्ड) कॉन्टॅक्टवर जोडलेलं असतं, म्हणून बटण दाबलं काय आणि वायर तुटली काय, मशिन थांबतंच. पॅनल वायरिंग करणाऱ्याच्या हातात हे भिनलेलं असतं. रेल्वेचं फाटकही याच तत्त्वावर उभं आहे: बिघाड कुठंही होवो, धोका वाढता कामा नये.

हे तत्त्व रुळांवर आणलं विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन माणसानं. १८७२ मध्ये त्यानं ‘क्लोज्ड ट्रॅक सर्किट’चं पेटंट घेतलं. रुळांच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले, आणि प्रवाह दोन्ही रुळांतून सतत वाहता. गाडी आली की चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, रिलेला प्रवाह मिळत नाही, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. रूळ तुटला किंवा बॅटरी संपली तरी तेच घडतं. प्रवाह आहे म्हणजे रस्ता मोकळा आहे; प्रवाह नाही म्हणजे गाडी आहे असंच धरायचं.

भारतातलं फाटक मात्र अमेरिकेतल्या फाटकाहून वेगळं. तिकडं गाडी आपल्या वेगानं येते आणि आळीपाळीनं उघडझाप करणारे दोन लाल दिवे रस्त्यावरच्यांना अडवतात. आपल्याकडं ब्रॉडगेजवरची सगळी मानवरहित फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली. उरलेल्या फाटकांवर गेटमन असतो, आणि जिथं इंटरलॉकिंग आहे तिथं फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गेट सिग्नल गाडीला मिळतच नाही. त्या सिग्नलच्या खांबावर पिवळी तबकडी आणि तिच्यावर काळं ‘जी’ अक्षर. फाटकाच्या अलीकडं ड्रायव्हरसाठी ‘सी/फा’ची पिवळी पाटी: सीटी वाजवा, फाटक आहे. आपल्या मुलखाचं दृश्य उभारणाऱ्यानं परदेशी किटमधले नुसते लुकलुकणारे दिवे लावून थांबू नये. गेटमनची केबिन, बूमवरची म्हणजे आडव्या दांड्यावरची लाल तबकडी, ‘सी/फा’ची पाटी हे सगळं हवं. त्याशिवाय ते फाटक आपलं वाटत नाही.

महाराष्ट्रात मॉडेल रेल्वेच्या छंदाचं मोठं ठिकाण म्हणजे पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय. ते १ एप्रिल १९९८ ला खुलं झालं. सिग्नल, उड्डाणपूल, रोपवे, सर्कस असं अख्खं शहर तिथं हलतं-बोलतं उभं आहे. घरच्या टेबलावर तेवढी जागा मिळत नाही, आणि फाटकाचं पहिलं गणित जागेचंच असतं.

एचओ प्रमाण म्हणजे १ : ८७. खरी गाडी ताशी ६० किलोमीटरनं धावते तेव्हा तिचं मॉडेल सेकंदाला साधारण १९ सेंटिमीटर सरकायला हवं. अमेरिकेच्या रिवाजाप्रमाणे वीस सेकंद आधी इशारा द्यायचा तर सेन्सर फाटकापासून पावणेचार मीटरवर बसवावा लागेल. आठ फूट बाय चार फूट प्लायवुडवर ते कुठून जमणार? मग वेग ताशी ३० वर आणायचा आणि इशारा दहा सेकंदांचा ठेवायचा. सेन्सर एक मीटरच्या आत येतो. हळू चालणारी गाडी दिसायलाही खरी वाटते.

सेन्सरची निवड करताना कारागिराची खरी पारख होते. बाजारात सहज मिळणारा इन्फ्रारेड सेन्सर परावर्तनावर चालतो: रुळांखालून प्रकाश जातो, डब्याच्या तळावर आपटून परत आला की गाडी आली. बसवायला सोपा, पण तत्त्वाच्या अगदी उलटा. त्याचा एलईडी जळाला तर गाडी कधी ‘दिसतच’ नाही आणि फाटक उघडं राहतं. म्हणून किरण रुळांवरून आडवा न्यावा. एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला फोटोट्रान्झिस्टर. किरण तुटला की गाडी. इथं एलईडी जळाला किंवा त्याची वायर सुटली तर अंधार होतो, आणि अंधार म्हणजे गाडी, म्हणजे फाटक बंद. दीडशे वर्षांपूर्वीचा रॉबिन्सन इथं टेबलावर उतरतो. किरण रुळांना काटकोनात न ठेवता तिरका ठेवावा, म्हणजे दोन डब्यांमधल्या फटीतून तो निसटत नाही. फोटोट्रान्झिस्टरवर काळी हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी, कारण खिडकीतून आलेलं ऊन त्याला फसवतं. आणि ही फसगत धोक्याच्या बाजूची असते.

किरण तीन लागतात: अलीकडं, फाटकावर आणि पलीकडं. एवढ्यानंही काम पूर्ण होत नाही. डबे नसलेलं लाइट इंजिन दोन किरणांच्या मध्ये मावतं आणि तिन्ही सेन्सर ‘मोकळं’ सांगतात. खऱ्या ट्रॅक सर्किटला ही अडचण नाही, कारण तिथं मार्गाचा तेवढा सगळा तुकडा पहाऱ्यावर असतो. मॉडेलमध्ये स्मृती ठेवावी लागते. पहिला किरण तुटला की शेवटचा तुटून पुन्हा जुळेपर्यंत फाटक उघडायचं नाही. हे अर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर चार ओळींत होतं, लॅच केलेल्या रिलेवरही होतं.

दिव्यांसाठी अर्डुइनोचीही गरज नाही. ५५५ टायमर, १ किलोओम आणि १०० किलोओमचे रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एवढ्यावर मिनिटाला साधारण ४३ उघडझापी मिळतात. अमेरिकन नियमातली मर्यादा ३५ ते ६५ आहे. एक लाल एलईडी आउटपुट आणि ग्राउंडमध्ये, दुसरा आउटपुट आणि पॉझिटिव्हमध्ये जोडला की ते आळीपाळीनं पेटतात. नऊ व्होल्टला प्रत्येकी ६८० ओम पुरे. खांबाला दोन मिलिमीटरची पितळी नळी घ्यावी आणि आतून मोटार रिवाइंडिंगवाल्याकडं मिळणारी बारीक वाइंडिंग वायर ओवावी. तिचं इनॅमल नळीच्या कडेला खरवडलं तर शॉर्ट होतो, म्हणून नळीचं तोंड आधी कानशीनं गोल करून घ्यावं.

बूम छोट्या सर्व्होनं सावकाश खाली येतो, आणि त्याचं हे सावकाश येणं पाहण्यासारखं असतं. पण सर्व्होला ‘खाली जा’ सांगितलं म्हणजे बूम खाली गेला असं नव्हे. बूमच्या मुळाशी मायक्रोस्विच बसवावा. बूम पूर्ण टेकला तरच तो लागावा. फाटकाच्या अलीकडं एका रुळाचा तुकडा दोन्ही टोकांना कापून वेगळा करावा आणि त्याची वीज याच स्विचमधून न्यावी. डब्ल्यूडीएम-३ए जातीचं डिझेल इंजिन या प्रमाणात वीस सेंटिमीटरच्या आसपास भरतं, तेव्हा हा तुकडा तीस सेंटिमीटर तरी हवा. बूम अडकला, सर्व्होचे दात झिजले, मायक्रोस्विचची वायर निघाली, काहीही झालं तरी इंजिन गेट सिग्नलपाशी थांबतं. डोअर इंटरलॉक बसवलेल्या माणसाला हे सर्किट समजावून सांगावं लागत नाही.

सीनरी, झाडं, गेटमनची केबिन चिकटवण्याआधी एक चाचणी करावी. गाडी चालू ठेवून टेबलाखालची प्रत्येक वायर एकेक करून काढावी आणि परत जोडावी. दिवे, सेन्सर, सर्व्हो, स्विच, कुठलीही सोडू नये. एखादी वायर काढल्यावर फाटक उघडं असताना गाडी पुढं गेली, तर ते सर्किट उलगडून पुन्हा जोडावं.