विज्ञान भवनाचा एक पास

माझ्या नणंदबाई दिल्लीला असतात. फेब्रुवारी २०२५मध्ये साहित्य संमेलन तिथं भरलं, तेव्हा त्यांचा फोन आला, "दोघं या. उद्घाटनाचा एक पास मिळालाय." एकच! घरात सगळ्यांनी धरूनच चाललं, की पास ह्यांचा. बॅग भरता भरता मी म्हटलं, "शाळेत मराठी मी शिकवते. मग पास मला का नको?" हे क्षणभर गप्प. मग म्हणाले, "खरंच की!"

तर मैत्रिणींनो, अशी मी २१ फेब्रुवारीला मौलाना आझाद रस्त्यावरच्या विज्ञान भवनात पोचले. नाव विज्ञानाचं असलं, तरी ही सभा-परिषदांची वास्तू. १९५६ साली युनेस्कोची मोठी परिषद दिल्लीत भरायची होती, त्यासाठी ती उभारली. वास्तुविशारद गेहलोत, सरकारी बांधकाम खात्यातले. दारावरची चैत्याच्या घाटाची कमान पाहून मला तर कार्ल्याची लेणीच आठवली!

१९८३मध्ये अलिप्त राष्ट्रांची परिषद इथंच भरली होती. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचे कितीतरी सोहळे इथंच झाले. पण मला खुर्चीत बसल्यावर आठवले ते २०२०च्या डिसेंबरातले शेतकरी. सरकारशी बोलणी करायला ते इथं आले आणि सरकारी जेवण नाकारून त्यांनी आपल्या लंगरची भाजी-पोळी खाल्ली. अशा भव्य दालनातही माणूस आपली शिदोरी सोडून खाऊ शकतो, हे मला फार आवडलं होतं.

आता २०२३पासून प्रगती मैदानावर भारत मंडपम झालंय. जी-२० परिषद तिथं भरली. तरी ह्या जुन्या वास्तूचा मान काही कमी झालेला नाही.

व्यासपीठावर पंतप्रधान होते, मोठमोठे पुढारी होते. आणि अध्यक्षा होत्या सांगलीच्या ताराबाई भवाळकर. बायकांच्या ओव्या, गाणी, कहाण्या ह्यांचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला. ह्याआधी दिल्लीत संमेलन झालं ते १९५४ साली. आणि आजवरच्या अध्यक्षांत स्त्रिया किती? ताराबाई धरून अवघ्या सहा!

बाहेर आले तर हे शाल घेऊन उभे. "कसं झालं?" मी म्हटलं, "घरी चला, सगळं सांगते." त्या रात्री पिठलं-भात वन्संनी केला आणि बोलत मी होते.

तेव्हा बायांनो, पास एकच असला, तरी विचारून तर बघा!